बोर्टन आणि स्लॉटरच्या पायवाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की इंग्लंडमधल्या मराठी घरांत आई-वडील, सासू-सासरे यायला लागतात आणि मला फोन सुरू होतात. "त्यांना कॉट्सवोल्ड्स दाखवायचंय, पण नुसतं गाडीतून नको. थोडं चालता येईल असं काही सांगा." मी तिथून तासाभराच्या अंतरावर राहते आणि बोर्टन-ऑन-द-वॉटर या गावाभोवतालच्या वाटा गेली बारा वर्षं वेगवेगळ्या ऋतूंत चालले आहे. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते.

बोर्टन नेमकं कुठे आहे? आणि चालायला तेच का?

ग्लॉस्टरशर परगण्यात, कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांच्या कुशीत. विंडरश नावाची उथळ नदी गावाच्या मधोमध वाहते. पाणी जेमतेम घोट्याच्या वर. तिच्यावर पाच ठेंगणे दगडी पूल आहेत, त्यांतला सर्वांत जुना १६५४ चा. उन्हाळ्यात गावात पाय ठेवायला जागा नसते. लोक पुलावर फोटो काढतात, आइस्क्रीम खातात, १९३७ मध्ये उघडलेलं गावाचं छोटं प्रतिरूप बघतात आणि बसमध्ये बसून पुढच्या गावाला जातात.

मला याचंच वाईट वाटतं. कारण चर्चच्या बाजूने दहा मिनिटं चाललात की गर्दी संपते आणि कुरणं सुरू होतात. अनेक लांब पल्ल्याच्या वाटा या गावात येऊन मिळतात. स्टॅफर्डशरहून निघणारी सुमारे १६० किलोमीटरची हार्ट ऑफ इंग्लंड वे इथे संपते, टेम्सकाठच्या हेन्लीला जाणारी ऑक्सफर्डशर वे इथून निघते, विंचकमला जाणाऱ्या वॉर्डन्स वे आणि विंडरश वे याही इथूनच. आपल्याला त्या सगळ्या चालायच्या नाहीत. पण या वाटांचे पहिले दोन-तीन किलोमीटर म्हणजे आयती सोपी फेरी. खुणा ठळक, वाट मळलेली, चढ नावापुरता.

नकाशात सार्वजनिक पायवाट चक्क शेतातून जाते. खरंच दुसऱ्याच्या शेतातून चालायचं?

हो, आणि अजिबात संकोच न करता. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो. आपली माणसं फाटकापर्यंत जातात, पलीकडे मेंढ्या दिसतात, कोपऱ्यात शेतघर दिसतं आणि "नको बाई, कुणी ओरडेल" म्हणून परत फिरतात.

आपल्याकडे पाणंद असते, बांधावरची वाट असते, आणि तिच्यावरून चालण्याच्या हक्काला आपण ‘वहिवाट’ म्हणतो. इंग्लंडमधली सार्वजनिक पायवाट म्हणजे हीच वहिवाट. शेकडो वर्षं गावकरी ज्या वाटेने चर्चला, गिरणीला, बाजाराला किंवा शेजारच्या गावी जात, तीच ही वाट. जमीन खाजगीच असते, पण तिच्यावरून चालण्याचा हक्क सर्वांचा. इथला कायदा सांगतो की लोकांनी एखादी वाट वीस वर्षं उघडपणे आणि अडथळ्याविना वापरली, तर ती सार्वजनिक वाट म्हणून समर्पित झाली असं सहसा धरलं जातं. गंमत बघा, आपल्या १८८२ च्या सुखाधिकार कायद्यातही वहिवाटीला वीसच वर्षं लागतात. फरक इतकाच की आपल्याकडे तो हक्क बहुधा शेजारच्या जमीनमालकाला मिळतो, इथे कुणाही वाटसरूला. तुम्ही कालच मुंबईहून आला असलात तरी.

हे सगळं आपोआप टिकलेलं नाही. १९३२ च्या एप्रिलमध्ये डर्बीशरमधल्या किंडर स्काउटच्या पठारावर शेकडो तरुण कामगार जमीनदारांची बंदी मोडून चढले आणि त्यांतल्या काहींना तुरुंगवास झाला. १९४९ च्या कायद्याने परगण्यांना आपल्या हद्दीतल्या सगळ्या वाटा नोंदवणारे अधिकृत नकाशे करायला लावले. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून अशा वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरतात. शेतकऱ्याने शेताच्या मधून जाणारी पायवाट नांगरली, तर चौदा दिवसांच्या आत त्याला ती पुन्हा किमान एक मीटर रुंद करून द्यावी लागते. म्हणून हिरव्यागार गव्हाच्या मधोमध एक सरळ मातकट पट्टा दिसला, तर समजा की तो तुमच्यासाठी सोडलेला आहे.

एवढं मात्र पाळा: वाटेवरच चाला. शेतात इकडेतिकडे पसरायचा हक्क तिच्यात येत नाही. खांबावरचा पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांसाठी, निळा म्हणजे घोडेस्वार आणि सायकलवाल्यांसाठीही.

कुणी हटकलं तर काय करायचं?

बारा वर्षांत माझ्या बाबतीत हे एकदाच घडलं. एका घराच्या मागून जाणाऱ्या वाटेवर एका गृहस्थांनी "ही खाजगी जागा आहे" म्हणून आम्हाला परत पाठवलं. सासरे सोबत होते. आम्ही मुकाट्याने मागे फिरलो. घरी येऊन नकाशा उघडला तर वाट स्वच्छ सार्वजनिक होती. तो दिवस मला अजून बोचतो, सासऱ्यांच्या चेहऱ्यामुळे जास्त. पुढच्या महिन्यात नकाशाची घडी हातात घेऊन आम्ही तीच वाट पूर्ण चाललो. कुणी काही बोललं नाही.

तर नकाशा जवळ ठेवा आणि शांतपणे दाखवा. वाद वाढतोय असं वाटलं तर मागे फिरा. वाट अडवलेली असेल तर परगण्याच्या कौन्सिलकडे तक्रार करता येते आणि ती जरूर करावी. पण या भीतीने घरी बसू नका. इथले शेतकरी बहुतेक वेळा हात वर करून ‘मॉर्निंग’ म्हणतात.

पहिल्यांदाच येतोय. एकच वाट सांगा.

बोर्टन ते लोअर स्लॉटर, आणि पायांत जोर असेल तर पुढे अपर स्लॉटर. लोअर स्लॉटरपर्यंत साधारण अडीच किलोमीटर, तिथून अपर स्लॉटर आणखी दीडेक किलोमीटर. जाऊन-येऊन आठ. माझ्या हिशेबाने लोअर स्लॉटरला पोचायला रमतगमत पाऊण तास.

सुरुवात बोर्टनच्या सेंट लॉरेन्स चर्चपासून करा. गावाबाहेर आलात की मोठा रस्ता ओलांडायचा आहे. याच रस्त्याचं जुनं नाव फॉस वे. रोमन लोकांनी एक्सेटरपासून लिंकनपर्यंत आखलेला हा रस्ता आजही मैलोन् मैल सरळ जातो. वाहनं भरधाव येतात, तेव्हा मुलांचे हात धरा. पलीकडे वाट कुरणांतून सपाट जाते. दोन्ही बाजूंना कुंपणं, मध्ये मेंढ्या, समोर झाडीतून डोकावणारं चर्चचं टोक.

लोअर स्लॉटरमध्ये शिरताना आय नावाची चिमुकली नदी भेटते. खरं तर तिला ओढाच म्हणायला हवं. तिच्यावर दगडी फरशा टाकून केलेले बुटके साकव आहेत. घरं सगळी मधाच्या रंगाच्या चुनखडकाची. हा खडक ज्युरासिक काळातल्या उथळ, उबदार समुद्रात साचला. एखाद्या भिंतीजवळ जाऊन दगड निरखून पाहा: माशांच्या अंड्यांसारखे बारीक गोल कण एकमेकांना चिकटलेले दिसतील. सकाळी हा दगड फिका पिवळा असतो आणि संध्याकाळच्या उन्हात त्याला हळदीची झाक येते. नदीच्या वळणावर जुनी पाणचक्की आहे, तिला विटांचं लाल धुरांडं. सगळ्या दगडी गावात तेवढीच एक वीट.

पाणचक्कीच्या मागून वाट पुन्हा नदीकाठाने निघते. इथून अपर स्लॉटरपर्यंतचा तुकडा मला सगळ्यांत आवडतो. शेवटी हलका चढ आहे, पण दम लागेल असा नाही. अपर स्लॉटरमध्ये दुकान नाही, गर्दी नाही. १९०६ मध्ये चौकाभोवतालची घरं एडविन लट्यन्स यांनी नव्याने घडवली. पुढे नवी दिल्लीचं राष्ट्रपती भवन ज्यांनी आखलं तेच हे. आणि या गावातून दोन्ही महायुद्धांवर गेलेलं प्रत्येक माणूस जिवंत परत आलं. इंग्लंडमध्ये अशी गावं मोजकीच. १९४४ च्या फेब्रुवारीत गावावर जर्मन बॉम्बही पडले, तरी जीव कुणाचा गेला नाही. इथल्या जवळपास प्रत्येक गावात युद्धात पडलेल्यांच्या नावांचा दगडी खांब असतो. तो वाचत वाचत तुम्ही अपर स्लॉटरला पोचलात, की या गावाचं नशीब नीट कळतं.

‘स्लॉटर’ म्हणजे कत्तल ना? असं भयंकर नाव कसं?

कत्तलीशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीतल्या चिखलाची, पाणथळ जागा या अर्थाच्या शब्दावरून ते आलं आहे. जानेवारीत आलात तर नाव पटेल.

आईचे गुडघे दुखतात. तिला झेपेल का?

लोअर स्लॉटरपर्यंत बहुतेक झेपेल, कारण अडचण अंतराची किंवा चढाची नसते, फाटकांची असते. म्हणून त्यांच्याविषयी आधीच सांगते.

एक असतं किसिंग गेट. झुलतं फाटक आणि त्याच्या टोकाभोवती लाकडी किंवा लोखंडी कठड्याचा एक कोपरा. फाटक पुढे ढकलायचं, कोपऱ्यात शिरून अंग चोरून उभं राहायचं, फाटक स्वतःसमोरून मागे सरकवायचं आणि मोकळ्या झालेल्या फटीतून पलीकडे निघायचं. माणूस जातो, गुरं अडतात. एका वेळी एकच जण, म्हणून घाई करायची नाही. माझ्या आईची खांद्यावरची पिशवी पहिल्याच फाटकाच्या खिट्टीत अडकली आणि ती बावरून उभीच राहिली. दुसऱ्या फाटकाला तिने पिशवी आधी कठड्यावरून पलीकडे ठेवली. तिसऱ्याला ती मागून येणाऱ्या एका अनोळखी आजीबाईंसाठी फाटक धरून उभी होती आणि दोघी एकमेकींच्या भाषेचा एक शब्दही न जाणता हसत होत्या.

दुसरं असतं स्टाइल. कुंपणात आडव्या फळ्यांची पायरी, तिच्यावर चढून पलीकडे उतरायचं. कोकणातल्या वाचकांना सांगायचं तर गडग्यातलं बेडं न काढता त्याच्यावरून जाण्यासारखं. गुडघेदुखी असलेल्यांना हेच नडतं. युक्ती अशी की खांब दोन्ही हातांनी धरा, चांगला पाय आधी वर टाका आणि उतरताना तोंड कुंपणाकडे ठेवून शिडीवरून उतरतो तसं उतरा. पावसात फळी निसरडी होते. अलीकडे बऱ्याच ठिकाणी स्टाइल काढून त्या जागी फाटकं बसवत आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे.

जाताना काठी न्या. आईला परतीचा रस्ता चालवणार नाही असं वाटलं, तर घरातल्या एकाने बोर्टनला परत जाऊन गाडी आणावी आणि तोवर बाकीच्यांनी नदीकाठी बसावं. आम्ही असं दोनदा केलं आहे.

बाबागाडी किंवा व्हीलचेअर नेता येईल?

बोर्टनच्या नदीकाठच्या हिरवळीवर सहज. कुरणांतल्या वाटांवर बाबागाडी किसिंग गेटमध्ये अडकते. लहान बाळ पाठीवरच्या झोळीत घ्या.

वाटेत गाई आल्या तर?

मेंढ्यांची चिंता नको, त्याच पळतात. गाई मात्र गंभीरपणे घ्या. आपण गाईगुरांत वाढलेली माणसं, त्यामुळे जवळ जाऊन पाठीवर हात फिरवावासा वाटतो. तो मोह आवरा. ही गुरं माणसाच्या हाताला सवकलेली नसतात. बरोबर वासरू असेल तर गाय अंगावर येऊ शकते आणि इंग्लंडमध्ये अशा घटनांत माणसं दगावली आहेत. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका. लांबून वळसा घ्या, वाट थोडी सोडावी लागली तरी चालेल. धावू नका, आरडाओरडा नको. कुत्रा बरोबर असला तर त्याला पट्ट्यात ठेवा, पण गाय अंगावर आलीच तर पट्टा सोडून द्या. तिचा रोख कुत्र्यावर असतो आणि तो तुमच्यापेक्षा जोरात पळतो.

तरणी गोऱ्ही मात्र नुसत्या कुतूहलाने कळपाने मागे येतात. वळून उभं राहिलं, हात पसरले की थांबतात.

आणि फाटक जसं सापडलं तसंच सोडा. बंद होतं तर बंद, उघडं बांधून ठेवलेलं होतं तर उघडंच. उघडं ठेवण्यामागेही शेतकऱ्याचं काही कारण असतं, बऱ्याचदा पलीकडचं पाणी.

साडीत चालता येईल का? बूट कसले घालायचे?

साडीत चालता येतं. माझी आई सहावारीतच चालते, निऱ्या चार बोटं वर खोचून. अडचण साडीची नसते, चपलांची असते. मे ते सप्टेंबर कोरड्या दिवसांत साधे खेळाचे बूट पुरतात. ऑक्टोबरनंतर तळव्याला खाचा असलेले, घोट्यापर्यंत येणारे बूट हवेत.

एका फेब्रुवारीत मी बोर्टनच्या पूर्वेच्या पाणथळ कुरणात साध्या बुटांनी गेले. गवत वरून हिरवंगार दिसत होतं. पाय टाकला तो नडगीपर्यंत आत गेला आणि बाहेर आला तेव्हा बूट चिखलातच राहिला होता. थंडी तीन अंश. हाताने उकरून बूट काढला आणि ओल्या मोज्यांनी दीड किलोमीटर चालत परत आले. तेव्हापासून माझ्या गाडीत मोज्यांचा जास्तीचा जोड कायम असतो. तुम्हीही ठेवा.

वारा अडवणारं पातळ जाकीट जुलैतही बरोबर असू द्या. सकाळचं ऊन बघून स्वेटर घरी ठेवलेली मंडळी दुपारी कुडकुडताना मी पुष्कळ पाहिली आहेत.

कोणत्या महिन्यात यावं?

मला विचाराल तर मेचा दुसरा पंधरवडा. कुरणं पिवळ्या बटरकपच्या फुलांनी भरलेली असतात, कोकरं मोठी होऊन उड्या मारत असतात आणि शाळांची उन्हाळ्याची मोठी सुट्टी लागलेली नसते. मार्च-एप्रिलमध्ये कोकरं अगदी लहान असतात, पण वाट ओली. जूनच्या अखेरीस सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणून संध्याकाळी पाच वाजता चालायला निघालात तरी चालतं. तेव्हा बसगाड्या गेलेल्या असतात आणि लोअर स्लॉटरच्या साकवांवर तुम्हीच असता. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर कुंपणांना काळी ब्लॅकबेरी लगडते, स्वतःपुरती तोडून खायला हरकत नाही. कुत्र्यांची वर्दळ असते तिथली खालची फळं सोडा, कमरेच्या वरची घ्या.

डिसेंबरात चार वाजता अंधारतं. दुपारी दीडनंतर निघू नका.

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी बोर्टनमध्ये चक्क नदीत उतरून फुटबॉल खेळतात. तो बघायचा असेल तर जरूर या, पण त्या दिवशी चालण्याचा बेत नको. गाडी लावायला जागा मिळणार नाही.

गर्दी अजिबात नको. दुसरी एखादी वाट?

मग पूर्वेला वळा. गावाच्या कडेलाच ग्रेस्टोन्स फार्म नावाचं निसर्गराखीव शेत आहे, ग्लॉस्टरशर वाइल्डलाइफ ट्रस्टचं. इथे लोहयुगातल्या सामन्सबरी वस्तीची तटबंदी आहे. आता मातीचे बसके उंचवटेच उरलेत, सांगितल्याशिवाय लक्षातही येणार नाहीत. नाण्यांच्या आधी चलन म्हणून वापरायचे तसे लोखंडी पट्ट्यांचे शंभराहून जास्त नग १८६० मध्ये इथे सापडले होते. जूनमध्ये कुरणात जांभळ्या रानऑर्किडांची फुलं येतात.

तसंच पुढे ऑक्सफर्डशर वेने गेलात की तीनेक किलोमीटरवर विक रिसिंग्टन. मोठी हिरवळ, बदकांचं तळं, चर्च, आणि शांतता. १८९२ च्या सुमारास सतरा वर्षांचा एक मुलगा या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला होता. त्याचं नाव गुस्ताव्ह होल्स्ट. पुढे मोठा संगीतकार झालेला हा माणूस लंडनमध्ये संस्कृत शिकला, ऋग्वेदातल्या सूक्तांचं स्वतः भाषांतर करून त्यांना चाली लावल्या आणि सावित्रीच्या आख्यानावर संगीतिका लिहिली. माझे वडील संस्कृतचे शिक्षक होते. त्यांना हे त्या चर्चच्या दारात सांगितलं तेव्हा ते आत जाऊन ऑर्गनसमोर बराच वेळ उभे राहिले. चर्चं दिवसा बहुधा उघडी असतात, कुणीही आत जाऊ शकतं.

ही वाट उन्हाळ्यातच घ्या. माझा बूट जिथे रुतला ती हीच.

या भागात आपल्याकडच्या इतिहासाशी जोडलेलं आणखी काही आहे?

आहे, आणि ते बघून मनात एकच भाव येत नाही हे आधीच सांगते.

बोर्टनच्या उत्तरेला, मॉर्टन-इन-मार्शजवळ सेझिन्कोट नावाची हवेली आहे. बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत श्रीमंत झालेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याचा वास्तुविशारद भाऊ सॅम्युअल पेपिस कॉकरेल याने ती १८०५ च्या सुमारास मुघल धर्तीवर बांधली. इंग्रजी ओकच्या राईत अचानक तांब्याने मढवलेला, आता हिरवट झालेला कांद्याच्या आकाराचा घुमट दिसतो. बागेत सूर्याचं देऊळ आहे आणि पुलाच्या कठड्यावर नंदी बसलेले आहेत. घर खाजगी आहे, बाग ठरावीक महिन्यांत ठरावीक दिवशी तिकिटाने बघता येते. पण खरी गोष्ट पुढेच आहे. बोर्टन-ऑन-द-हिल (हे दुसरं बोर्टन, गफलत करू नका) ते लाँगबरो या गावांमधली हार्ट ऑफ इंग्लंड वेची वाट याच हवेलीच्या आवारातून जाते. एका बाजूचं अंतर साडेतीन किलोमीटरच्या आसपास. कंपनीच्या पैशावर उभं राहिलेलं हे घर, आणि त्याच्या कुरणातून दुपारच्या वेळी पोळीभाजीचा डबा घेऊन चाललेली आपण माणसं. इथे मी दरवेळी थोडं थांबते.

आणखी पूर्वेला डेल्सफर्ड. तिथल्या चर्चच्या आवारात वॉरन हेस्टिंग्जची कबर आहे. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या वेळी हाच गव्हर्नर जनरल होता आणि १७८२ चा सालबाईचा तह महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने याच्याच कारकिर्दीत झाला. हिंदुस्थानातून परतल्यावर त्याने आपल्या घराण्याची गेलेली ही जहागीर परत विकत घेतली. त्याचं घर बांधणाराही तोच कॉकरेल. शाळेत ज्याच्यावर टिपा लिहिल्या त्या माणसाच्या कबरीजवळ उभं राहायचं असेल तर वाकडी वाट करा.

मोबाइलवर भागेल, की कागदी नकाशा हवा?

लोअर स्लॉटरला मोबाइल पुरतो, वाट चुकायला जागाच नाही. पुढे मात्र दऱ्यांमध्ये रेंज जाते. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशासंस्थेचा एक्सप्लोरर मालिकेतला ओएल ४५ क्रमांकाचा नकाशा हा सगळा भाग दाखवतो. त्यात शेताची प्रत्येक कड असते. हिरव्या तुटक रेघा म्हणजे सार्वजनिक वाटा. मुलांना नकाशा धरायला द्या, दहा वर्षांचं मूल अर्ध्या तासात शिकतं. संकटात ९९९ वर फोन करा.

दगडी कुंपणांना सिमेंट दिसत नाही. ती पडत नाहीत का?

बघा, हे आपल्या कोकणी माणसाच्या लगेच लक्षात येतं. गडगाच तो! चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. दोन बाजूंनी दोन भिंती आतल्या अंगाला कलत्या रचायच्या, मधल्या पोकळीत बारीक खडी भरायची आणि वर उभ्या दगडांची रांग लावायची. हा थराथरांचा चुनखडक सहज पातळ फुटतो म्हणून भिंत सुबक होते, आमच्या जांभ्याचा गडगा जाडाभरडा. कॉट्सवोल्ड्समध्ये अशा भिंती सहा हजार किलोमीटरच्या वर भरतात असं सांगतात. त्यांच्यावर चढू नका, बसू नका. एक दगड निखळला की पुढच्या हिवाळ्यात हातभर भिंत ढासळते.

पायाला झाडपाला लागून आग झाली. काय करायचं?

ते नेटल. आपल्या खाजकुयलीची आठवण होईल, पण त्रास सहसा काही तासांत जातो. थंड पाणी लावा, खाजवू नका. वाटेवर उन्हाळ्यात ते कमरेइतकं वाढतं, म्हणून तोकडी पँट नको. घरी आल्यावर पाय, गुडघ्याची मागची बाजू, मुलांचे कान गोचिडांसाठी तपासा. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा, आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे गोल लाल चट्टा पसरला तर डॉक्टरांना दाखवा.

जेवणाचं काय? शाकाहारी मिळतं का?

बोर्टनमध्ये भरपूर मिळतं. पण मी डबाच नेते. दशम्या, लसणीची चटणी, मेथीचे ठेपले, थर्मासात चहा. लोअर स्लॉटरच्या पुढे नदीकाठी बसायला गवत आहे. शिळ्या दशमीची तिथे जी चव लागते ती घरी लागत नाही. कचऱ्याचा कागदन् कागद पिशवीत घालून परत आणा. बदकांना पोळी घालू नका.

परतल्यावर बोर्टनमध्ये क्रीम टी घ्या: गरम स्कोन, घट्ट साय, स्ट्रॉबेरीचा मुरांबा. सासूबाई म्हणतात, ही साय आपल्याकडे पोळीबरोबर खातात तीच.

स्वच्छतागृहं?

बोर्टनमध्ये आहेत, जाऊनच निघा. स्लॉटर गावांच्या भरवशावर राहू नका.

गाडी नाही. कसं यायचं?

लंडनच्या पॅडिंग्टनहून मॉर्टन-इन-मार्शला थेट रेल्वे आहे, दीड ते पावणेदोन तास. स्टेशनबाहेरून ८०१ क्रमांकाची बस स्टो-ऑन-द-वोल्ड या गावावरून बोर्टनला येते. रविवारी बस तुरळक, तेव्हा वेळापत्रक आदल्या दिवशी बघा आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ सगळ्यांच्या मोबाइलमध्ये लिहून ठेवा. गाडीने येणाऱ्यांनी ती बोर्टनच्या वाहनतळावर लावावी. स्लॉटरच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की एक गाडी लागली तर ट्रॅक्टर अडतो.

एका दिवसात बोर्टन, बायबरी, स्टो आणि ऑक्सफर्ड होईल का?

गाडीतून होईल. मी पाहुण्यांना तसं नेत नाही. सकाळी दहाला बोर्टन, चालत स्लॉटर, डबा, चालत परत, चहा, घर. एवढाच दिवस. गेल्या वर्षी एक काका या बेतावर नाराज होते, मुलाने पाच गावांची यादी केलेली होती. अपर स्लॉटरहून परतताना त्यांनी आपणहून वेग कमी केला, एका फाटकावर हात ठेवून उभे राहिले आणि पलीकडच्या शेताकडे बघत मला विचारलं, "इथे जव पेरलाय का गहू?" जव होता. मग लोंब्या किती लांब, पाऊस कधी, कापणी कधी, असं बोलत आम्ही बोर्टनला पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते.